तीन गोल आणि अर्धं जग: केप व्हर्देचा फुटबॉल संघ कसा घडला

१३ ऑक्टोबर २०२५. प्राया शहरातल्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये केप व्हर्दे विरुद्ध एस्वातिनी सामना. एस्वातिनी म्हणजे पूर्वीचं स्वाझीलँड, गटातला तळाचा संघ. यजमान जिंकले की २०२६ च्या वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं. मध्यंतराला गोलफलक ०-० आणि सगळ्या देशाच्या पोटात गोळा. मग ४८व्या मिनिटाला डायलॉन लिव्रामेंतोनं गोल मारला, ५४व्या मिनिटाला विली सेमेदोनं दुसरा, आणि भरपाईच्या वेळेत ३७ वर्षांच्या स्टोपिरानं तिसरा.

लिव्रामेंतो जन्मला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये. सेमेदो फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या एका उपनगरात. स्टोपिरा तेवढा प्रायाचा. त्याचं पाळण्यातलं नाव इयानिक. ऐंशीच्या दशकात यानिक स्टोपिरा नावाचा फ्रेंच खेळाडू गाजत होता, त्याच्यावरून हे टोपणनाव पडलं. म्हणजे तिघांत जो एकटा मायदेशी जन्मला, त्याचं नावही परदेशातूनच आलेलं.

अनेकांनी त्या रात्री ‘इवलासा देश, केवढी झेप’ अशा थाटाचं कौतुक केलं. कौतुक रास्तच आहे, पण त्यातून कळत काहीच नाही. साडेपाच लाखांच्याही आतली लोकसंख्या असलेला देश कॅमेरूनसारख्या संघाला मागे टाकून गटात पहिला कसा येतो? याचं उत्तर शोधायला निघालं की आधी बोटींचा इतिहास सांगावा लागतो, चेंडूची पाळी नंतर येते.

कोल्हापूरएवढी माणसं, गोव्याएवढी जमीन

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. केप व्हर्दे म्हणजे अटलांटिक महासागरात, सेनेगलच्या किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर पसरलेली दहा बेटं. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ४,०३३ चौरस किलोमीटर. आपल्या गोव्याहून थोडंसंच जास्त. लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार होती. तालमींच्या आणि पेठांच्या संघांसाठी शाहू स्टेडियमवर घसा कोरडा करणाऱ्या कोल्हापूरकरांनी क्षणभर कल्पना करून बघावी: आपलाच एक संघ, आणि वर्ल्ड कपमध्ये समोर स्पेन.

नावाचा अर्थ ‘हिरवं भूशिर’. ते भूशिर खरं सेनेगलचं. बेटांना त्याचं नाव चिकटलं. बेटं स्वतः बरीचशी रखरखीत, ज्वालामुखीतून वर आलेली, पावसाची वाट बघणारी. पंधराव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा इथं मनुष्यवस्तीच नव्हती. १४६२ मध्ये सांतियागो बेटावर त्यांनी वसाहत केली, आफ्रिकेतून माणसं पकडून आणली, आणि गुलामांच्या व्यापाराचा तळ उभा राहिला. पोर्तुगीज मालक आणि आफ्रिकी गुलाम यांच्या सरमिसळीतून नवा समाज झाला आणि नवी भाषाही, क्रिओल. शाळा-कचेऱ्यांची भाषा आजही पोर्तुगीज, घराची आणि मैदानाची क्रिओल.

इथं पाऊस चुकला की दुष्काळ, आणि दुष्काळ म्हणजे मृत्यू. १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत हजारोंनी माणसं गेली. जी उरली ती निघाली. ब्रावा आणि फोगो बेटांवरची पोरं तर त्याही आधीपासून अमेरिकन व्हेलशिकारी जहाजांवर चढून मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला पोहोचली होती. नंतर लोक लिस्बनच्या बांधकामांवर गेले, रॉटरडॅमच्या बंदरात खलाशी झाले, फ्रान्स आणि लक्झेंबर्गमध्ये स्थिरावले. आज देशात जेवढे केप व्हर्देयन राहतात त्याहून जास्त देशाबाहेर आहेत. घरोघरी कुणीतरी ‘तिकडं’ असतं. त्या ओढीला क्रिओलमध्ये ‘सोदाद’ म्हणतात, आणि तिथली निम्मी गाणी त्याच एका शब्दाभोवती फिरतात.

फुटबॉलच्या हिशेबात याचा अर्थ असा होता, की देशाचे सगळ्यात चांगले पाय दुसऱ्याच देशांच्या मैदानांवर धावत होते.

पिकलं इथं, विकलं तिथं

१९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला. आफ्रिकेतल्या वसाहती मात्र लिस्बनच्या हुकूमशाहीनं आणखी तेरा-चौदा वर्षं घट्ट धरून ठेवल्या. गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे या दोन्हींच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आमिल्कार काब्राल यांचा जानेवारी १९७३ मध्ये खून झाला. पुढच्याच वर्षी पोर्तुगालमधली राजवट कोसळली आणि ५ जुलै १९७५ रोजी केप व्हर्दे स्वतंत्र झाला.

स्वतंत्र देशाला राष्ट्रगीत, झेंडा आणि फुटबॉल संघ लागतोच. महासंघ १९८२ मध्ये स्थापन झाला, फिफाचं सदस्यत्व १९८६ मध्ये मिळालं. पण वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत हा संघ पहिल्यांदा उतरला तो थेट २००२ च्या स्पर्धेसाठी: अल्जेरियाशी घरी ०-०, बाहेर ०-२, खेळ खलास. एप्रिल २००० मध्ये फिफाच्या क्रमवारीत हा संघ १८२ व्या क्रमांकावर होता. त्याच वर्षी त्यांनी काब्राल यांच्याच नावानं भरणारा पश्चिम आफ्रिकेतला चषक जिंकला, पण त्या स्पर्धेकडे बाहेरच्या जगाचं फारसं लक्ष नसे.

आता याच काळात देशाबाहेर काय चाललं होतं ते बघा. प्रायात जन्मलेला नानी लिस्बनच्या उपनगरात वाढला आणि पोर्तुगालकडून शंभरावर सामने खेळला. साओ व्हिसेंत बेटावर जन्मलेला रोलांदो पोर्तुगालच्या बचावफळीत. प्रायाचाच जेल्सन मार्तिन्स, तोही पोर्तुगालकडून. स्वीडनच्या हेन्रिक लार्सनचे वडील केप व्हर्देचे. फ्रान्सला १९९८ चा वर्ल्ड कप जिंकून देणाऱ्या संघातल्या पॅट्रिक व्हिएराच्या आईकडची मुळंही याच बेटांत. नुसती ही नावं एका ओळीत लिहिली तरी तिथल्या चाहत्याला हुंदका यावा.

त्या खेळाडूंना दोष द्यायचं कारण नाही. एका बाजूला युरो कप आणि वर्ल्ड कप, दुसऱ्या बाजूला विमानाच्या तिकिटाला पैसे जमतील की नाही याची चिंता करणारा महासंघ. तुम्ही-आम्ही काय निवडलं असतं?

कोण कुणाकडून खेळू शकतो?

इथं नियम समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

फिफाच्या दृष्टीनं दोन गोष्टी लागतात. पहिली, त्या देशाचं नागरिकत्व. दुसरी, त्या देशाशी खरं नातं: खेळाडू स्वतः तिथं जन्मलेला, किंवा आई-वडील, किंवा आजी-आजोबांपैकी कुणीतरी. हे काहीच नसेल तर तिथं काही वर्षं राहिल्याचा पुरावा. आजोबांपर्यंत मागं जाता येतं, ही यातली मोठी मेख. रॉटरडॅममध्ये जन्मलेल्या पोराचे आजोबा फोगो बेटावरचे असतील आणि त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं, तर तो केप व्हर्देकडून खेळायला मोकळा.

पण एकदा एखाद्या देशाच्या मुख्य संघाकडून अधिकृत स्पर्धेतला सामना खेळलात की शिक्का बसला. मैत्रीपूर्ण सामन्यानं शिक्का बसत नाही. पूर्वी हा शिक्का जवळजवळ कायमचा असे. २०२० पासून थोडी सूट आहे: अधिकृत सामने तीनपेक्षा जास्त नसतील, तेही सगळे वय एकवीस होण्याआधीचे असतील, त्यात वर्ल्ड कपसारख्या मुख्य स्पर्धेतला एकही नसेल आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं उलटली असतील, तर दुसऱ्या देशाकडे जाता येतं. कनिष्ठ गटात नेदरलँड्सकडून खेळून मोठेपणी केप व्हर्देकडे येणं तर सहज शक्य आहे.

आपल्याकडे हे का होत नाही, असा प्रश्न दर वेळी निघतो. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डावर राष्ट्रीय संघात खेळता येत नाही. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताला २०१३ मध्ये भारताची जर्सी घालण्यासाठी जपानचा पासपोर्ट सोडावा लागला होता. केप व्हर्देच्या पोराला असं काही सोडावं लागत नाही. खिशात दोन पासपोर्ट ठेवून तो खेळतो. गोव्यात ज्यांच्या घरी पोर्तुगीज कागदांची धावपळ झालेली आहे, त्यांना या दोन पासपोर्टांचं मोल वेगळं सांगायला नको.

कागदानं दिलं, कागदानं नेलं

संघ जगाच्या नजरेत आला २०१२ मध्ये. आफ्रिकन नेशन्स कपच्या पात्रता फेरीत प्रायाच्या जुन्या व्हार्झेया मैदानावर त्यांनी कॅमेरूनला २-० नं हरवलं. परतीच्या सामन्यात कॅमेरूननं सॅम्युएल एतोला परत बोलावलं, २-१ असा विजयही मिळवला, पण बेरीज केप व्हर्देच्या बाजूनं ३-२. प्रशिक्षक होते लुसियो आंतुनेस, पेशानं विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रक. विमानं उतरवून देणारा माणूस संघाला पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत उतरवतो, हे लेखकाला आयतं मिळालेलं वाक्य आहे, पण माहिती खरीच आहे.

२०१३ ची ती स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली. उद्घाटनाच्या सामन्यात यजमानांशी ०-०. मोरोक्कोशी १-१, आणि तो गोल करणाऱ्याचं नाव प्लाटिनी (हेही टोपणनावच, यांना फ्रेंचांचं भारी वेड). अंगोलाविरुद्ध आधी स्वतःच्याच जाळ्यात गोल, मग फर्नांदो व्हारेलाची बरोबरी आणि शेवटच्या क्षणी हेल्डननं मारलेला विजयी गोल. पदार्पणातच उपांत्यपूर्व फेरी. तिथं घानानं ०-२ नं रोखलं.

पुढचा भाग मात्र आजही चटका लावतो. २०१४ च्या वर्ल्ड कपसाठी आफ्रिकेत चार-चार संघांचे दहा गट होते. गटातला पहिला शेवटच्या दोन सामन्यांच्या प्ले-ऑफला जाणार आणि त्या पाच लढतींतले विजेते ब्राझीलला. मार्च २०१३ मध्ये केप व्हर्दे इक्वेटोरियल गिनीत ४-३ असं हरलं आणि व्हारेलाला लाल कार्ड मिळालं. पण यजमानांच्या एमिलिओ न्सुएकडे त्या देशाकडून खेळण्याची पात्रताच नव्हती. तो स्पेनमध्ये जन्मलेला आणि स्पेनच्या कनिष्ठ संघांतून खेळलेला. प्रश्न वर सांगितला तोच, फक्त तेव्हाचे नियम आजच्याहून कडक होते. फिफानं निकाल फिरवून सामना ३-० असा केप व्हर्देला बहाल केला.

निकाल बदलला, व्हारेलावरची चार सामन्यांची बंदी मात्र कायम राहिली. ७ सप्टेंबरला ट्युनिशियात जाऊन केप व्हर्देनं २-० असा विजय मिळवला, गट जिंकला, बेटांवर रात्रभर नाचगाणी झाली. आणि त्या सामन्यात व्हारेला खेळला होता. पाचच दिवसांनी फिफानं विजय काढून घेतला आणि ट्युनिशियाला ३-० दिले. एका परक्या खेळाडूच्या कागदानं मिळालेलं, आपल्याच खेळाडूच्या कागदानं गेलं. प्ले-ऑफला गेलेला ट्युनिशिया पुढं कॅमेरूनकडून हरला, तो वेगळाच चरचरीत भाग.

फेब्रुवारी २०१४ मध्ये हाच संघ क्रमवारीत २७ व्या स्थानावर पोहोचला. २०१५ च्या नेशन्स कपमध्ये एकही सामना न हरता गटातच बाद झाला: तीन बरोबऱ्या, त्यातला एकच गोल यांचा, डीआर काँगोच्याही तीन बरोबऱ्या, पण गोल दोन. त्याच वर्षी ३१ मार्चला पोर्तुगालमध्ये पोर्तुगालला २-० नं हरवलं. रोनाल्डो नव्हता, सामना मैत्रीपूर्ण होता, सगळं कबूल. पण ज्या देशानं पाचशे वर्षं राज्य केलं त्याला त्याच्याच अंगणात हरवलं, त्याची नोंद कोण पुसणार?

लिंक्डइनवरचा निरोप

२०१८ च्या सुमाराची गोष्ट. डब्लिनमध्ये रॉबर्टो लोपेस नावाचा बचावपटू शॅमरॉक रोव्हर्सकडून खेळत होता. आई आयरिश, वडील केप व्हर्देचे. पूर्णवेळ खेळाडू होण्याआधी त्यानं बँकेत गृहकर्जाचं काम केलं होतं. कॉलेजात असताना कधीतरी उघडलेल्या लिंक्डइन खात्यावर त्याला एक पोर्तुगीज मजकूर आला. त्याला पोर्तुगीज येत नव्हतं. नेहमीचा फालतू मेसेज असणार म्हणून त्यानं तो तसाच सोडून दिला.

पाठवणारे होते केप व्हर्देचे तेव्हाचे प्रशिक्षक रुई आगुआस. सुमारे नऊ महिन्यांनी त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी इंग्रजीत: विचार केलास का? लोपेसनं धावत जाऊन जुना मजकूर भाषांतर यंत्रात टाकला. राष्ट्रीय संघासाठी नवे खेळाडू शोधतोय, तुला यायला आवडेल का, असं त्यात लिहिलेलं. २०१९ मध्ये तो केप व्हर्देकडून पहिला सामना खेळला. संघात त्याला सगळे पिको म्हणतात.

हा किस्सा जगभर गमतीनं सांगितला जातो. मला त्यात गमतीपेक्षा पद्धत दिसते. ज्या देशाकडे युरोपभर माणसं नेमायला पैसा नाही, तो आडनावं शोधत बसतो. लोपेस, दुआर्ते, सेमेदो, मोंतेइरो. एखाद्या डच किंवा आयरिश संघाच्या यादीत असं आडनाव दिसलं की विचारायचं: बाबा कुठले? आमच्याकडे लग्न जमवणारे याहून वेगळं काय करतात?

या शोधातून रॉटरडॅमची एक फळीच उभी राहिली. लिव्रामेंतो, गॅरी रॉड्रिग्ज, जामिरो मोंतेइरो, दुआर्ते बंधू लारोस आणि डेरॉय, सिडनी लोपेस काब्राल: सगळे त्या एका बंदरशहरात जन्मलेले. आजोबा-वडील जहाजावर गेले, नातवंडं डच अकादम्यांत फुकट घडली. त्या अकादम्यांचा खर्च प्रायातल्या महासंघाला पिढ्यान्‌पिढ्या झेपला नसता. जे स्थलांतर देशाला पोखरत होतं, त्याचंच व्याज आता घरी येऊ लागलं.

म्हणून हा ‘आयात संघ’ आहे असं हिणवणाऱ्यांशी माझं जमत नाही. गोलरक्षक व्होझिन्या आणि कप्तान रायन मेंदेस दोघेही साओ व्हिसेंत बेटावरच्या मिंदेलोचे, आणि संघाचा कणा तेच आहेत. बाहेरून आलेले त्यांच्याभोवती उभे राहतात. शिवाय निम्मा देशच बाहेर असेल तर निम्मा संघ बाहेरचा असणं याला आयात कसं म्हणायचं?

बुबिस्टाचा संघ

हे सगळे धागे एकत्र ओवले ते पेद्रो लैताओ ब्रितो यांनी. बोआ व्हिस्ता बेटाला क्रिओलमध्ये बुबिस्टा म्हणतात. ते तिथले, म्हणून जग त्यांना बुबिस्टा म्हणूनच ओळखतं. स्वतः या संघाचे जुने बचावपटू, २०२० पासून प्रशिक्षक. जानेवारी २०२२ मध्ये संघ नेशन्स कपच्या बाद फेरीत गेला. जानेवारी २०२४ मध्ये तर घानाला २-१, मोझांबिकला ३-०, इजिप्तशी २-२ करून गटात पहिला आला. मोझांबिकविरुद्ध बेबेनं जवळपास चाळीस मीटरवरून मारलेली फ्री किक एकदा शोधून बघाच. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या गोलरक्षकानं, रॉनवेन विल्यम्सनं, पेनल्टी शूटआउटमध्ये चार फटके अडवले आणि प्रवास तिथं थांबला.

मग वर्ल्ड कप. २०२६ पासून ४८ संघ झाले, आफ्रिकेच्या थेट जागा पाचवरून नऊ झाल्या. सहा संघांचे नऊ गट, गटातला पहिला थेट आत. ‘जागा वाढल्या म्हणून जमलं’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. प्ले-ऑफची जुनी चाळण राहिली नाही, हे मान्य. पण गटात पहिलं यावं लागणं काही सुटलं नव्हतं, आणि गटात आठ वर्ल्ड कप खेळलेलं कॅमेरून होतं. जून २०२४ मध्ये त्याच कॅमेरूननं याउंदेत यांना ४-१ असं धुतलं. त्यानंतर हा संघ पात्रता फेरीत एकही सामना हरला नाही. ९ सप्टेंबर २०२५ ला प्रायात लिव्रामेंतोच्या एकमेव गोलानं कॅमेरूनचा हिशेब चुकता झाला. ८ ऑक्टोबरला त्रिपोलीत लिबियाविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ३-३ केलं. अखेरच्या मिनिटांत चेंडू पुन्हा जाळ्यात गेला, पण ऑफसाइडचा झेंडा वर. तो गोल धरला असता तर तिथंच काम झालं असतं. ते पाच दिवसांनी, घरच्या प्रेक्षकांसमोर झालं, आणि स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षात झालं. शेवटचा हिशेब: दहा सामने, २३ गुण, कॅमेरून १९. गंमत अशी, की त्याच दिवशी कॅमेरूननं अंगोलाशी ०-० बरोबरी केली होती. म्हणजे एस्वातिनीविरुद्ध एकही गोल झाला नसता तरी चाललं असतं. पण हे मैदानावर कुणाला माहीत असणार?

तेव्हा लोकसंख्येनं यांच्याहून लहान असलेला एकच देश वर्ल्ड कपला पोहोचलेला होता, २०१८ चा आइसलँड. सव्वा महिन्यातच कॅरिबियनमधलं क्युरासाओ पात्र ठरलं आणि सगळ्यांत लहान हा मान त्याच्याकडे गेला. तोही संघ बहुतांश नेदरलँड्समध्ये घडलेला आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये ड्रॉ निघाला तेव्हा केप व्हर्देच्या वाट्याला स्पेन, उरुग्वे आणि सौदी अरेबिया आले. सामन्यांची शहरं अटलांटा, मायामी, ह्यूस्टन. व्हेलशिकाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांचं न्यू बेडफर्ड ज्या बॉस्टनपासून तासाभराच्या अंतरावर आहे, तिथंही वर्ल्ड कपचे सामने ठेवले होते, पण यांचा एकही नाही. म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या केप व्हर्देयन मंडळींना संघ बघायचा तर पुन्हा बोचकी बांधून लांबच्या गावी जाणं आलं.